चवदार तळ्याचे वारस आणि सीलबंद बाटली

चळवळीच्या कोणत्याही कार्यक्रमाचे व्यासपीठ पाहा. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, समोर मेणबत्त्या, पुष्पहार आणि प्रत्येक वक्त्यापुढे पाण्याची एकेक सीलबंद बाटली. वक्ता महाडच्या सत्याग्रहावर बोलत असतो, मध्येच झाकण पिळून दोन घोट घेतो आणि पुन्हा समतेवर येतो. समोर बसलेली जनता मात्र मंडपामागच्या टँकरचे पाणी पिते. हे कोणालाच खटकत नाही, म्हणून आम्हाला लिहावे लागत आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले, ते काय घशाला कोरड पडली म्हणून? रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलने मंजूर केला होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले होते. कागदावर सर्व काही होते, ओंजळीत मात्र पाणी नव्हते. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी १०८ घागरींनी तळे ‘शुद्ध’ केले, कोर्टबाजी केली आणि उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. हा लढा सार्वजनिक पाण्यावरील हक्काचा होता. घटनेच्या पंधराव्या कलमात सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा उल्लेख उगाच आलेला नाही. आज शहरात विहीर आणि तलावाची जागा महापालिकेच्या नळाने घेतली आहे.

आमच्या शहराला तर याच्या साक्षीसाठी महाडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले, तेव्हा वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी दरवाजाबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले. लगेच एका वृद्ध मुसलमानाने हौद बाटल्याची ओरड केली आणि जमाव गोळा झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत सशस्त्र शिपाई देऊन! बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे. दौलताबादला सहली नेणाऱ्या आमच्या शिक्षकांपैकी कितीजण मुलांना हा हौद दाखवतात?

याच शहरात गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबर नावाच्या हबशी माणसाने सतराव्या शतकात खापराच्या नळांतून डोंगराकडचे पाणी गावभर खेळवले. त्याच्या नहरींचे अवशेष अजून जमिनीखाली आहेत. आणि आजची महापालिका? १९७६ पासून पैठणला नाथसागर आहे, शहरापासून अंतर पन्नासेक किलोमीटर. तरी वर्षानुवर्षे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणे हेच शहराच्या अंगवळणी पडले. २०१४ मध्ये खाउजा धोरणाच्या भक्तांनी पाणीपुरवठा एका खासगी कंपनीच्या हवाली केला. लोकांचा संताप एवढा झाला की २०१६ मध्ये तो करार मोडावा लागला. नंतर २०१९ मध्ये १६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झाले आणि खर्च २७४० कोटींवर गेला. शेवटी कामावर खंडपीठाला लक्ष ठेवावे लागले. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलल्याने नळ रोज वाहू लागला नाही.

आता कोणी विचारील, नळाचे पाणी प्यायचे आणि आजारी पडायचे काय? प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणी भागात दूषित पाण्याने गॅस्ट्रोची साथ पसरली आणि हजारो लोक दवाखान्यात गेले. गढूळ, वास मारणारे पाणी निष्ठेने प्या, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. पण नळाचे पाणी का बिघडते हे समजून घेतले पाहिजे. फारोळ्याच्या केंद्रात पाणी शुद्ध होते, क्लोरिन मिसळले जाते. पुढे जलवाहिनी चोवीस तास भरलेली असेल तर आतल्या दाबामुळे बाहेरची घाण आत शिरत नाही. नळ चार-सहा दिवस बंद राहिला की वाहिनी रिकामी होते आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या जोडातून आत ओढले जाते. पाणी सुटल्यावर पहिल्या धारेला तेच येते. नंतर आठवडाभर ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यातले क्लोरिन उडून जाते, वर डेंग्यूचे डास होतात ते वेगळे. म्हणजे रोज पाणी मिळण्याची मागणी हीच शुद्ध पाण्याची मागणी आहे. या दोन मागण्या वेगळ्या करून कोणी सांगत असेल तर तो आपल्याला बाटली विकायला आला आहे असे समजावे.

आणि बाटली तरी किती सोवळी? २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले, तेव्हा सरकारला निकष बदलावे लागले. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिथल्या बाटल्यांत लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोजले. गल्लोगल्ली फिरणारा थंड जार तर सीलबंदही नसतो. तो कोणत्या बोअरचा, शेवटचा कधी धुतला, हे विकणारा सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पाणी थंड आहे म्हणून ते शुद्ध आहे, एवढाच आपला विज्ञानवाद!

हिशेब करा. पाच माणसांचे घर, माणशी २ लिटर, लिटरची बाटली २० रुपयांना धरली तर दिवसाला २०० आणि महिन्याला ६००० रुपये. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घराला हे परवडेल काय? परवडते ते आपल्यातल्या नोकरदारांना. घरात आर.ओ. मशीन बसले, सभेला बाटली आली, लग्नाला जार आले, की नगरसेवकाच्या दारात ओरडणारा एक शिकलेला माणूस कमी झाला. तक्रार लिहिता येणारे लोक नळापासून दूर गेले की नळावर फक्त वस्ती उरते आणि वस्तीचे कोण ऐकतो? सार्वजनिक पाण्याची लढाई संपली असे ज्यांना वाटते त्यांनी तमिळनाडूतले वेंगैवयल आठवावे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत मानवी विष्ठा सापडली. आणि आपल्याकडे एप्रिल २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, तेव्हा इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. जलवाहिनीतले पाणी कोणाकडे वळते हे ठरवणारे लोक वस्तीत राहत नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे असे. चळवळीच्या व्यासपीठावरून बाटली हटवा. पिंपात नळाचेच पाणी भरा, उकळून किंवा मेडिक्लोर टाकून, आणि वक्त्याने व श्रोत्याने एकाच पिंपातले प्यावे. प्रत्येक बुद्धविहार समितीने क्लोरोस्कोप घ्यावा. नळाच्या पाण्यात ओ.टी.चे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, नाही आला तर नाही. हे काम दहावीतली मुलगीही करील. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरिन उरले पाहिजे. पाणी येईल त्या दिवशी तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहा. बाबासाहेबांनी नागसेनवनात उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयातून रसायनशास्त्र शिकून निघालेले शेकडो लोक या शहरात आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार वस्तीला द्यावा.

सहा महिन्यांच्या अशा वह्या घेऊन महापालिकेवर गेलो तर ‘तुमचा गैरसमज आहे’ असे सांगून आपल्याला परत पाठवता येणार नाही. आयुक्तांपुढे पहिली मागणी ठेवू ती साधी आहे: शहरातल्या प्रत्येक जलकुंभावर फळा लावा आणि त्या दिवशीचा क्लोरिनचा आकडा त्यावर खडूने लिहा.