आजारातून उठून शाळेत आलेलं मूल आणि आपण

पाचवीच्या माझ्या वर्गातल्या एका मुलीला कांजिण्या झाल्या. सोमवारी सकाळी तिच्या आईचा फोन आला, "बाई, हिच्या अंगावर फोड आलेत, डॉक्टर म्हणाले शाळेत पाठवू नका." मी म्हटलं, बरं झालं कळवलंत. हजेरीत गैरहजर मांडली आणि कामाला लागले. पुढच्या आठवड्यात बुधवारी ती परत आली. खपल्या वाळलेल्या, कपाळावर दोन-तीन डाग, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. आणि मी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं.

का बसवलं? तर आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला होता, "ती मुलगी उद्यापासून येणार म्हणे, आमच्या मुलांचं काय?" त्याखाली पाच-सहा जणांचे हात जोडलेले. मला वाद नको होता. "थोडे दिवस मागे बस हं, बाळा," असं मी अगदी गोड आवाजात सांगितलं. गोड आवाजात सांगितलं म्हणून तिला कमी लागलं असेल, असं काही नाही.

हे लिहिताना लाज वाटते, कारण निदान मला तरी हे कळायला हवं होतं. जानेवारी २०२२ मध्ये, तिसऱ्या लाटेत, मी स्वतः कोरोनाने घरातल्या आतल्या खोलीत होते. तेव्हाचा नियम असा होता की चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस झाले आणि सलग ३ दिवस ताप नसला की गृहविलगीकरण संपलं. पुन्हा चाचणी करायची गरज नाही. २४ जानेवारीला शाळा सुरू झाल्या. मी स्टाफरूममध्ये गेले तर माझ्या शेजारची खुर्ची हळूच सरकली. चहाला माझा कप वेगळा. वाईट कुणीच बोललं नाही, उलट सगळे "काळजी घ्या मॅडम" म्हणत होते. जिना चढून वर्गात पोचले की दम लागायचा, मी टेबलाला टेकून गप्प उभी राहायचे आणि मुलांना वाटायचं बाई रागावल्यात. खरं सांगू का, आजारी असताना मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान दाराबाहेर ताट ठेवून "गोळी घेतली का?" विचारणारं कुणीतरी होतं.

एवढं भोगूनही माझी वेळ आली तेव्हा मी तेच केलं.

पुढची गोष्ट अशी. ती आली बुधवारी आणि त्यानंतरच्या सोमवारी वर्गातल्या एका मुलाला फोड आले. झालं! मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाचा निकाल लागला होता, "हिच्यामुळे झालं." ग्रुपवर मोठ्यांचाही तोच निकाल. तेव्हा मात्र मी खडू घेतला. कांजिण्यांची लागण झाल्यापासून फोड यायला १० ते २१ दिवस लागतात, हे फळ्यावर लिहिलं. बुधवार ते सोमवार किती दिवस? पाच. मग हिच्याकडून बुधवारी लागण होऊन सोमवारी फोड येतील का? "नाही," वर्ग म्हणाला. मग दुसरी माहिती दिली : ज्याला कांजिण्या होणार आहेत त्याच्याकडून फोड दिसायच्या १-२ दिवस आधीपासूनच लागण होऊ शकते आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की ती थांबते. तिला फोड आले सोमवारी, म्हणजे शनिवारची सकाळची शाळा मोजा. त्या शनिवारपासून या सोमवारपर्यंत बोटं मोजली तर सोळा दिवस. एक मुलगा स्वतःहूनच म्हणाला, "बाई, शनिवारी तर आम्ही सगळे तिच्या डब्यातले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले होते!"

म्हणजे ज्या दिवशी लांब राहायला हवं होतं त्या दिवशी आपण लाडू खात होतो आणि ज्या दिवशी तिच्यापासून काही धोका उरला नव्हता त्या दिवशी तिला मागे बसवलं.

पालकांची भीती खोटी नाही, हेही सांगते. ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, अशा गरोदर बाईला हा आजार जड जाऊ शकतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनाही. पण त्यासाठी करायची गोष्ट म्हणजे फोड दिसल्या दिवशीच वर्गात सगळ्यांना कळवणं. ते मी केलंच नव्हतं. मी फक्त गैरहजेरी मांडली होती. वेळेवर करायचं ते राहून गेलं की मग आपण नको तेवढी काळजी दाखवतो, तसंच झालं.

त्याच दिवशी मी तिला पुढे तिच्या बाकावर बोलावलं. ती म्हणाली, "राहू दे बाई, इथून पण दिसतं." दोन दिवस लागले तिला उठून यायला.

वह्यांचंही असंच. आठ दिवसांची शाळा बुडाली होती. सगळ्या विषयांचं मागचं उतरवून काढायला आपण सांगतो आणि मूल आजारातून उठल्या उठल्या रात्री दहापर्यंत दुसऱ्याच्या वहीतलं बघून लिहीत बसतं. त्यातून भागाकार येतो का? मी गणिताचा चुकलेला भाग तेवढा शेजारी बसवून घेतला. बाकीची पानं कोरी आहेत, तपासणीत कुणी विचारलं तर कारण सांगेन. खेळाच्या तासाला मात्र तिला आठवडाभर झाडाखाली बसू दिलं, तेही तिनेच मागितलं म्हणून. मला सुचलं नव्हतं.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती. तिची आई नंतर भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, "बाई, शनिवारीच अंग कोमट लागत होतं हिचं. मी म्हटलं राहा घरी. तर रडायला लागली, शंभर टक्के हजेरी मोडेल म्हणून. शेवटी पाठवली." घरी नंतर कडुलिंबाचा पाला, फोडणी बंद, सगळं यथासांग केलं त्यांनी. पण तो शनिवार आमच्या शाळेने घडवला होता. दरवर्षी २६ जानेवारीला आपण शंभर टक्के उपस्थितीची बक्षिसं वाटतो, टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. तब्येत चांगली असण्याचं बक्षीस कसलं? आणि ताप अंगावर काढून येणाऱ्या मुलाला शाबासकी देऊन आपण त्याला काय शिकवतो?

हा विषय मी शिक्षकांच्या बैठकीत काढला. एक सर म्हणाले, "मग मुलं कारणं सांगून घरीच बसतील." बसतील एखाद-दोन, ती आजही बसतात. मुख्याध्यापकांनी "बघू" म्हटलंय. माझ्या वर्गातून या वर्षी मी या बक्षिसासाठी नावं देणार नाही, एवढं त्यांना सांगून ठेवलंय.