वजनाची सवलत : मालाला की माणसाला?

उसाचा हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या गाडीतळांवर मालमोटारींच्या रांगा लागतात. काट्यावर कधी नंबर लागेल आणि तेथून गव्हाणीपर्यंत किती वेळ जाईल, याची खात्री चालकाला कोणी देत नाही. भाडे ठरते ते टनावर आणि अंतरावर. थांबलेल्या तासांचे मोल शून्य. मग एका खेपेत मावेल तितका ऊस रचायचा, हे ओघानेच आले. जादा भाराचे मूळ चालकाच्या हावेत शोधणारे या दरपद्धतीकडे सोयीस्कर डोळेझाक करतात.

कायदा याबाबतीत मुका नाही. काही राज्य सरकारे ठरावीक रक्कम घेऊन जादा भाराची कार्डे वाटत असत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो प्रकार बेकायदा ठरविला. पुढे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादाच वाढविली. चार चाकांच्या एका आसावरचा भार १०.२ टनांवरून ११.५ टन झाला आणि दोन आसांची गाडी १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. वाढ दिसते साधारण तेरा टक्क्यांची. परंतु अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ताचाचणीपासून अभियंते मानत आले आहेत की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. त्या हिशेबाने ही तेरा टक्के वाढ रस्त्याला सुमारे साठ टक्के अधिक झिजविते. नगर-मनमाड रस्त्यावरून प्रवास केलेल्यांना हे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही सवलत मिळाली मालाला. माणसाला काय मिळाले? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले, हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना त्याचा लाभ नाही आणि नव्या गाडीतही थंडावा इंजिनावर अवलंबून. एप्रिलच्या दुपारी रांगेत पाठ टेकायची तर इंजिन चालू ठेवावे लागते. अवजड मोटारीचे इंजिन जागच्या जागी ताशी दोन-तीन लिटर डिझेल जाळते. ते डिझेल मालक देणार नाही, कारखाना तर नाहीच. म्हणजे केबिन वातानुकूलित, आणि चालक पूर्वीसारखाच गाडीखाली सावलीत.

भांडवलशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या अमेरिकेनेही या प्रश्नाला एक उत्तर शोधले. इंजिन बंद ठेवून केबिन थंड वा उबदार राखणारे स्वतंत्र यंत्र बसविले, तर त्याच्या वजनापुरती मर्यादा शिथिल करण्याची मुभा २००५ च्या कायद्याने तेथील राज्यांना दिली. प्रथम ४०० पौंड, २०१२ पासून ५५० पौंड, म्हणजे सुमारे अडीचशे किलो. यंत्र नसेल तर सवलत नाही. अशी तरतूद येथे का होऊ नये? एका आसावर १३०० किलो मालासाठी सोडता येतात, तर चालकाच्या झोपेसाठी संपूर्ण गाडीमागे अडीचशे किलो जड का व्हावेत? अर्थात ती मुभा यंत्रालाच बांधलेली हवी, नाहीतर तेवढाच ऊस वाढेल.

जादा भार पकडायला माणसे नाहीत, ही सबब तर उसाच्या बाबतीत टिकतच नाही. कारखान्यात प्रत्येक गाडी दोनदा तोलली जाते, भरलेली आणि रिकामी. गुन्ह्याची नोंद पावतीवरच होते, तीही वजन काट्याच्या कारकुनाच्या हातून. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये झाला. कलम १९४ गाडी हाकणाऱ्यापुरतेच थांबत नाही, हाकावयास लावणाऱ्यालाही धरते. प्रत्यक्षात रस्त्यावर अडविला जातो तो चालक.

१९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभारला, तो शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याच्या तोंडी जाऊ नये म्हणून. रांगेत उभा ऊस वाळतो, वजनात घटतो, उतारा पडतो. तेव्हा ही रांग सभासदाच्याही खिशातूनच जाते. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाला आठ तासांचे काम सांगितले होते. कारखान्यांनी पावतीवर वजनासोबत गाडी तळावर आल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ छापावी, व ठरावीक तासांपलीकडच्या प्रत्येक तासाचे भाडे द्यावे. ही मागणी वाहतूकदारांनी आणि सभासदांनी मिळून येत्या वार्षिक सभेत ठरावाच्या रूपाने मांडली पाहिजे.