चार पोस्टकार्डांची मोटार

साडी घ्यायची तर पदर हातात धरून पोत पाहता येतो. तांदूळ घ्यायचा तर दोन दाणे दाताखाली धरता येतात. आंब्याचा निदान वास तरी घेता येतो. टायरचे मात्र तसे नाही. दुकानात शिरावे, तो काळे, गोल आणि एकाच आईच्या पोटचे वाटणारे चाळीस-पन्नास टायर भिंतीला टेकून उभे असतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे असे पाहत राहते की, जणू त्यांतल्याच एकाने पुढे येऊन आपली ओळख करून द्यावी! मग दुकानदार एक नाव सांगतो, गिऱ्हाईक किंमत विचारते, किंमत ऐकून दुसरे नाव विचारते आणि दहा मिनिटांत व्यवहार आटोपतो. घरात मिक्सर आणायचा म्हटले तरी याहून अधिक चर्चा होते.

आमच्या घरात मात्र यंदा टायरांवर चांगली चार दिवस चर्चा झाली, म्हणून या खेपेस तोच विषय घेतो.

माझ्या भाच्यापाशी एक लहानशी पण मोठी चपळ मोटार आहे : फोक्सवॅगन पोलोची जीटी. आपल्या चाकणलाच या मोटारी तयार होत असत. २०२२ साली इथले त्यांचे उत्पादन थांबले, पण ज्यांच्यापाशी आहेत ते त्यांना घरच्या माणसासारखे जपतात. उन्हाळा संपता संपता या मोटारीचे चारही टायर घासून आले आणि नवे कोणते घ्यावेत यावरून घरात दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष भाच्याचा. "मामा, सतराचे अलॉय व्हील आणि रुंद टायर घालू. गाडी कशी रुबाबदार दिसेल बघा! आणि पकडही वाढेल." दुसरा पक्ष शेजारच्या आप्पांचा. बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचे सारे सल्ले व्याजाच्या हिशेबाने येतात. "टॅक्सीवाले घालतात ते कडक टायर घाला. वर्षानुवर्षे बघायला नको, पेट्रोलही वाचेल."

ताई, म्हणजे भाच्याची आई, कोपऱ्यात भाजी निवडत होती. तिला औषधोपचारासाठी दर महिन्याला पुण्याहून मुंबईला जावे लागते आणि नेतो तो भाचाच. ती एवढेच म्हणाली, "अरे, मला त्यातले काही कळत नाही. पावसात, घाटात, पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला तर आपली गाडी थांबली पाहिजे, एवढे तुम्ही बघा."

मंडळी, टायर कसा निवडावा यावर मी आजवर पुष्कळ वाचले आहे. पण सगळ्याचे सार या वाक्यात जसे उतरले आहे तसे कुठे आढळले नाही. कसे ते सांगतो.

ही मोटार माणसे आणि सामान धरून साधारण बाराशे-तेराशे किलो भरते. म्हणजे एकेका चाकावर सरासरी तीनशे किलोंच्या वर भार. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोंचा दाब झाला. भागाकार करून पाहा : एका टायरची रस्त्याला टेकलेली जागा सुमारे १३५ ते १४० चौरस सेंटिमीटर येते. आपले टपालखात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. तेव्हा इंजीन कितीही तेज असो, ब्रेक कितीही भारी असोत, मोटारीचा आणि पृथ्वीचा संबंध असतो तो चार पोस्टकार्डांपुरताच! ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते आणि प्रत्येक चाक तेवढ्यात चौदा फेरे घेते. ते वळवणे, थांबवणे आणि पाण्यातून वाट काढणे हे सारे काम त्या चार पोस्टकार्डांचे.

आता भाच्याचा मुद्दा घेऊ. रुंद टायर घातला तर पोस्टकार्डाचे पाकीट होईल, अशी त्याची कल्पना. पण भार तोच आणि हवेचा दाब तोच, तर क्षेत्रफळही बहुतेक तेवढेच राहते. फक्त पोस्टकार्ड आडवे होते. कोरड्या रस्त्यावर वळताना याचा थोडा फायदा होतो, हे कबूल. परंतु साचलेल्या पाण्यात रुंद टायरला बाजूला सारावे लागणारे पाणीही अधिक, आणि पाणी सारणे जमले नाही की टायर त्यावर तरंगू लागतो. त्या क्षणी सुकाणू हातात नुसते शोभेला उरते.

टायरच्या कडेवर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते. ती वाचायला ज्योतिषी लागत नाही. भाच्याच्या गाडीचे मूळ माप १९५/५५ आर१६ ८७व्ही असे होते. १९५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा ५५, अर्थात १०७ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली या बांधणीचे पेटंट घेतले आणि आज मोटारींच्या दुकानांत बहुतेक तीच दिसते. १६ हा आतल्या लोखंडी वा अलॉय चाकाचा इंचांतला व्यास. ८७ हा भाराचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ५४५ किलो. आणि व्ही हे वेगाचे अक्षर, म्हणजे ताशी २४० किलोमीटर. आपल्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभराची मर्यादा, मग हा २४० कशाला, असे आप्पांनी विचारलेच. पण हे अक्षर केवळ वेगाचे नसते. तापल्यावर टायरची बांधणी किती टिकते, त्याचीही ती खूण असते. म्हणून मोटारीच्या कारखान्याने ठरवलेल्या भाराच्या आकड्याखाली आणि वेगाच्या अक्षराखाली उतरू नये. वर गेले तर चालते.

भाच्याला हवे होते २०५/४५ आर१७. दोन्ही चाकांच्या एकूण व्यासाचा हिशेब केला तर पहिले ६२१ मिलिमीटर, दुसरे ६१६. फरक शेकडा एकाहूनही कमी, तेव्हा वेगदर्शक काटा फारसा खोटे बोलणार नाही. इथवर त्याचे गणित बरोबर होते. पण त्या मापाचा साधा टायर ८४ आकड्याचा, म्हणजे ५०० किलोंचा येतो. मूळच्यापेक्षा कमी! म्हणजे जादा भाराचा ८८ चाच शोधून घ्यावा लागणार. शिवाय कडेची उंची १०७ वरून ९२ मिलिमीटरवर येते. हे पंधरा मिलिमीटर म्हणजे खड्डा आणि चाक यांच्यामधली गादी. पुण्याच्या पावसाळ्यात रस्त्यांवरचे खड्डे काही सांगून येत नाहीत. पातळ कडेचा टायर खड्ड्याच्या काठावर आपटला की चाकाच्या धारेत चिमटला जातो, आतले दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नसतो, तो फेकायचाच असतो. आणि मागच्या सीटवर बसलेल्या आजारी माणसाच्या पाठीला ते पंधरा मिलिमीटर पहिल्या चौकातच कळतात.

"मग आप्पांचेच खरे म्हणायचे का?" भाच्याने जरा रुसूनच विचारले.

तेही नाही. टायरचे रबर हा तडजोडीचा पदार्थ आहे. कडक केले तर ते पुष्कळ टिकते आणि पेट्रोलही थोडे वाचते; पण ओल्या रस्त्याला धरून ठेवण्याचा त्याचा गुण सहसा उणावतो. मऊ केले तर पकड सुधारते आणि आयुष्य घटते. अलीकडे रबरात सिलिका घालून दोन्ही टोके बरीच जवळ आणली आहेत, तरी दोन्ही लाडू एकदम खायला मिळत नाहीत. पुष्कळ टायरांच्या कडेवर ट्रेडवेअर असा शब्द आणि पुढे आकडा असतो. आकडा मोठा तर टिकाऊपणा अधिक. पण हा आकडा ज्याचा त्याने ठरवलेला असल्याने एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यापुरताच तो कामाचा. त्याच्याच शेजारी ट्रॅक्शन या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी अशी अक्षरे असतात. ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावला तर पकड किती, याची ती प्रतवारी. ताईच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे आहे. केंद्र सरकारनेही २०२२ साली नियमांत दुरुस्ती करून टायरांसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, धावताना होणारा विरोध आणि आवाज यांच्या कसोट्या घालून दिल्या. पण सरकारी कसोटी म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरते गुण. चपळ मोटारीला जरा वरच्या श्रेणीचा विद्यार्थी हवा. तिचे इंजीन क्षणात वेग देते, तो वेग तितक्याच लवकर परत घेणारा टायर तिच्या पायात नको का? टॅक्सीचा धर्म वेगळा आणि हिचा वेगळा.

सरतेशेवटी ठरले ते असे : माप मूळचेच, भार आणि वेगाचे अक्षरही तेच, चारही टायर एकाच जातीचे, आणि पाण्याला वाट करून देणाऱ्या रुंद उभ्या खाचांची नक्षी असलेले. परदेशी नावाचा आग्रह भाच्याने आपण होऊन सोडला. जून २०२० मध्ये सरकारने टायरांच्या आयातीवर निर्बंध घातल्यापासून तसे काही टायर मिळवणे जिकिरीचे झाले होते, आणि टायर बनवण्याचा धंदा इथेही चांगला रुजला आहे. अलॉय चाकांचे जे पैसे वाचले त्यातून वरच्या प्रतीचे टायर आले, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगही झाले, आणि तरी आप्पांना सांगण्याजोगी शिल्लक राहिली.

दुकानात आणखी एक गंमत झाली. कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२४ असेल तर २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानदाराने काढलेल्या चारांपैकी एकाचे वय बाकीच्या तिघांपेक्षा दोन वर्षांनी अधिक निघाले. "साहेब, नवाच आहे, एकदाही धावलेला नाही," तो म्हणाला. खरे आहे, पण रबर नुसते पडून राहिले तरी कडक होत जाते. भाच्याने शांतपणे जोडीचा चौथा मागितला आणि तो मिळालाही. मागितल्यावर मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना चार घेणे परवडत नाही आणि दोनच घ्यायचे आहेत, त्यांनी नवी जोडी मागच्या चाकांना घालावी. "गाडी पुढून ओढते, तर नवे पुढे," असे बहुतेक जण सांगतील. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर मोटार सरळ जाऊ पाहते आणि पाय आवरता घेतला की पुष्कळदा ताळ्यावर येते. मागची घसरली तर ती गर्रकन फिरते, आणि ते सावरणे तुमच्या-आमच्यासारख्यांचे काम नव्हे.

दुसरा एक गैरसमज उन्हाळ्यातला. टायर फुटू नये म्हणून बरेच लोक द्रुतगती मार्गावर जाण्यापूर्वी हवा कमी करतात. हे नेमके उलटे आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, सेकंदाला चौदा वेळा वाकून ती तापते, आणि तापलेलाच टायर फुटतो. किती पौंड हवा भरायची ते मोटारीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते. तेवढीच भरावी, आणि टायर थंड असताना.

टायर बदलायची वेळ ओळखणेही सोपे आहे. नक्षीच्या खाचांच्या तळाशी रबराच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. घासत घासत नक्षी त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटरच उरली, असे समजावे. कायद्याची मर्यादा तीच. पण कोकणात आणि घाटात जो पाऊस पडतो त्याने कायदा वाचलेला नाही. आपल्याकडे तीन मिलिमीटर उरले की मृग लागण्यापूर्वीच दुकान गाठावे. नवे टायर घातल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने हाकावे, कारण नव्या रबराचा वरचा गुळगुळीतपणा जायला तेवढे अंतर लागते.

या दिवाळीत पुष्कळ घरांपुढे मोटारी धुऊन-पुसून उभ्या राहतील, त्यांना झेंडूच्या माळा चढतील, आणि भाऊबीजेला मुलाबाळांना घालून त्या गावोगाव निघतील. माळ बांधून झाली की दोन मिनिटे खाली वाकावे, खाचांची खोली आणि ते चार आकडे पाहावेत, हवा तपासावी. घरची सगळी माणसे आपण त्या चार पोस्टकार्डांवर बसवून पाठवीत असतो. ती योग्य पत्त्यावर सुखरूप पोचावीत, एवढीच तर आपली इच्छा असते.