अस्वलाचे छायाचित्र आणि त्याची किंमत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने आपल्या भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत दाखविली. रात्रीचा रस्ता, मोटारीच्या दिव्यांचा झोत, आणि त्या झोतात पिलाला पाठीवर घेऊन धावणारी अस्वलाची मादी. ती रस्ता सोडू पाहते, परंतु कडेला तारेचे कुंपण असल्याने पुन्हा रस्त्यावरच येते, आणि मोटार तिच्या मागे चालूच राहते. आतील मंडळींचे हसणे स्पष्ट ऐकू येत होते. फीत त्या विद्यार्थ्याने काढलेली नव्हती. कोणीतरी त्याला पाठविली होती. 'सर, असे पाहूनच लोकांना वन्य प्राण्यांविषयी आपुलकी वाटू लागते,' असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, म्हणूनच त्याचा विचार करावयास हवा.

खानदेशास अस्वल नवे नाही. भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमने १८२५ ते १८३५ या काळात येथे जी शिकार केली, तीत वाघांबरोबर अस्वलेही होती. आज मुक्ताईनगर तालुक्यातील वढोदा, चारठाणा, डोलारखेडा या पट्ट्यात मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. एका बाजूस यावलचे अभयारण्य, दुसऱ्या बाजूस मेळघाटाला लागून असलेले अंबाबरवा, आणि दक्षिणेस अस्वलांसाठी प्रसिद्ध असलेले बुलढाण्याचे ज्ञानगंगा, अशा जंगलांच्या मध्ये आपला हा तुकडा येतो. त्याला केळीच्या बागा भिडल्या आहेत. डोलारखेड्याचा वाघ वर्तमानपत्रांत गाजला. अस्वलाची आठवण मात्र कोणी जखमी झाल्यावरच होते.

प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी, तेव्हाच्या एदलाबादच्या बाजारात, दरवेशी अस्वल घेऊन येत असे. नाकात दोरी ओवलेले ते जनावर दोन पायांवर उभे राही, आणि आया त्याचा एखादा केस मुलांच्या ताइतात घालण्यासाठी मागून घेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बेकायदा ठरले, तरी ते थांबावयास फार वर्षे लागली. प्राण्यांच्या खेळांवर बंदी घालणारी १९९८ ची केंद्राची अधिसूचना २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. आग्र्याजवळ सुटका केलेल्या अस्वलांसाठी केंद्र निघाले. कलंदरांना दुसरे धंदे मिळवून देण्यात आले. २००९ च्या सुमारास हा खेळ देशातून जवळजवळ नाहीसा झाला. हे यश थोडे नाही. परंतु पाहण्याची हौस संपली नाही. तिने केवळ साधन बदलले.

अर्थशास्त्रात एक साधा प्रश्न विचारला जातो : लाभ कोणाला होतो आणि खर्च कोण सोसतो? दरवेशाला निदान दोन पैसे द्यावे लागत. मोटारीतून चित्रफीत काढणाऱ्यास काहीच द्यावे लागत नाही. खर्च सोसावा लागतो तो मादीला, तिच्या पिलाला, आणि पहाटे मोह वेचावयास जाणाऱ्या बाईला.

हे शेवटचे नीट समजावून घेण्यासारखे आहे. अस्वलाचे घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण, पण दृष्टी आणि श्रवण बेताचे. वाळवीच्या वारुळात तोंड घालून ते हवा ओढू लागले की तो आवाज दूरवर जातो, परंतु जवळ येणाऱ्या माणसाची चाहूल त्याला लागत नाही. मग माणूस अकस्मात समोर उभा राहतो आणि भ्यालेले अस्वल अंगावर येते. बहुतेक हल्ले असेच होतात. माणूस खाण्यासाठी ते हल्ला करीत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात, आणि ती बाईलाही हवी असतात व अस्वलालाही. दोघांची वेळ एक, झाड एक. अस्वल बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर पंजा मारते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये वन्य प्राण्यांच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी २५ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५ लाख रुपये भरपाई ठरविली. रक्कम योग्यच आहे. पण जिचा एक डोळा गेला तिच्या मजुरीचा हिशेब तेवढ्यावर मिटत नाही.

जनावर माणसाला सरावले तर हल्ले कमी होतील, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यातील घुंचापालीच्या चंडी मंदिरात रानटी अस्वले प्रसाद खावयास येतात आणि भाविक त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात. कर्नाटकात हंपीजवळ दरोजी येथे १९९४ मध्ये झालेल्या अस्वल अभयारण्यात दुपारी खडकांवर गूळ-मधाचे मिश्रण लावतात आणि प्रेक्षक दूरच्या मनोऱ्यावरून पाहतात. दरोजीत अंतर तरी राखले जाते. परंतु अन्नाची सवय लागलेले अस्वल काय करू शकते, हे जपानचा विख्यात छायाचित्रकार मिचिओ होशिनो याच्या मृत्यूने दाखविले. १९९६ मध्ये कामचाटकात ज्या अस्वलाने त्याला तंबूतून ओढून नेले, त्याला माणसांनीच खाऊ घालून धीट केले होते. होशिनो हौशी नव्हता. आयुष्यभर तो अस्वलांमध्ये वावरला होता. २०१८ मध्ये ओडिशाच्या नबरंगपूर जिल्ह्यात जखमी अस्वलासोबत स्वतःचे छायाचित्र काढू पाहणारा मोटारचालक प्राणास मुकला, तो मात्र निव्वळ अविचार म्हणावा लागेल.

याउलट अलास्कातील मॅकनील नदीचे उदाहरण आहे. सामन मासे पकडण्यासाठी तेथे एकेका वेळी अस्वलांचे कळप जमतात. १९७३ पासून तेथे परवाना पद्धत आहे : सोडत काढून दिवसाला दहाच माणसे, सोबत जाणकार रक्षक, ठरलेली जागा, आणि अन्नाचा कण बाहेर ठेवावयाचा नाही. या व्यवस्थेत कोणाही पाहुण्याला अस्वलाने इजा केलेली नाही. दुर्मीळ वस्तूचे नियंत्रित वाटप यशस्वी झाल्याचा याहून चांगला दाखला वर्गात देण्यास मला सापडत नाही.

छायाचित्रणाविरुद्ध मी नाही, हे येथे सांगावयास हवे. जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांमुळेच २००६ पासून दर चार वर्षांनी वाघांचा विश्वसनीय अंदाज निघू लागला. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. अस्वल काळेभोर, छातीवरील पांढरट खूण कॅमेऱ्यात येईलच असे नाही, म्हणून त्याची गणना अवघड जाते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून केलेल्या मोजणीत तेच अस्वल दोनदा धरले जाण्याचा संभव असतो. आणि ज्याची संख्या ठाऊक नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा सरकारी व्यवहाराचा जुना नियम आहे. तेव्हा शांतपणे काढलेले, तारीख आणि ठिकाण वनखात्याला कळविलेले एक छायाचित्र उपयोगी पडते. तेच ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर केले, तर दुसऱ्या दिवशी तेथे पन्नास मोटारसायकली उभ्या राहतात.

कायदा याबाबत मुका नाही. 'शिकार' या शब्दाच्या १९७२ च्या कायद्यातील व्याख्येत जनावर हाकणे आणि त्याला आमिष दाखविणेही येते, हे मोटारीतील त्या तरुणांना कोणी सांगितले नसावे. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश परवान्याने मिळतो. संवर्धन राखीव क्षेत्राची रीत थोडी निराळी. तेथे व्यवस्थापन समिती असते आणि तीत गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींना कायद्यानेच स्थान आहे. आमच्या भागात हे स्थान उपयोगात आणावे. रात्री जंगलातील रस्त्यांवर मोटारी रेंगाळू देऊ नयेत. पाणवठ्यावरील मचाणाची मोजकी तिकिटे काढावीत, सोबतीला गावचा तरुण द्यावा, आणि ते पैसे मोह वेचणाऱ्या कुटुंबांसाठी विजेऱ्या व घुंगरांच्या काठ्या घेण्यास वापरावेत. बायकांनी एकेकटीने न जाता बोलत-गात, उजाडल्यावर जावे, हा सल्ला फुकटचा आहे; पण उशिरा गेल्याने जी फुले गुरे खातात त्यांचे काय, असे त्या विचारतील आणि त्यांचे विचारणे रास्त असेल. त्या तिकिटांच्या पैशांतून ही तूट थोडीतरी भरून देता आली तरच तो सल्ला मानला जाईल. मोहाचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. त्यापूर्वी समितीने या एका विषयावर बैठक घेण्यास फारसा खर्च येणार नाही.