नीलगिरीचा पाण्याचा हिशेब



नीलगिरी लावा, मजूर लागत नाही, गुरे तोंड लावत नाहीत, असे सांगणारे बांधावर येतात. ते खोटे नाही. तोडल्यावर बुंधा पुन्हा फुटतो, आणि कागद गिरणीचे लाकूड शेतातून गेले तर जंगलावरची कुऱ्हाड तेवढी थांबते.

पण पाण्याचे खाते कोणी उघडत नाही. कर्नाटकात होसकोटेजवळ शास्त्रज्ञांनी मोजले. नीलगिरी पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी प्याली, पंचवीस फूट खोलवरची ओल ओढून! तुमकूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तर १९८३ सालीच सरकारी रोपवाटिकेतली रोपे उपटून चिंच-आंब्याचे बी टोचले होते. तिथल्या सरकारला लागवडीवर बंदी घालायला २०१७ उजाडले. (रोपे वाटणारेही सरकारच, बरे का.)

बंदी आम्हाला नको. शेत ज्याचे, झाड त्याचे. नाल्याकाठच्या पाणथळ पट्टीत खुशाल लावा. ज्वारीच्या रानात लावाल तर कडबाही गेला, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा तुमच्या एकट्याचा नाही.

जिल्हा बैठकीला येताना नीलगिरीलगतच्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी लिहून आणा.