घरचें आरोग्य : रात्रीची कवळी

बैल विकत घेतांना खालापुराकडील शेतकरी प्रथम त्याचा जबडा उघडून पाहतो. गुरांना वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. खालच्या आठ दांतांपैकीं पक्के किती आले, यावरून वय ठरतें. पक्का दांत न आलेला तो आदत. सुमारें दोन वर्षांनीं पहिली जोडी आली कीं दोनदाती. मग चारदाती, सहादाती आणि शेवटीं जुळलेला. मुकें जनावर आपलें वय सांगत नाहीं, म्हणून ही रीत पडली. परंतु त्याच घरांतील आजोबांच्या तोंडांत शेवटचें कोणी केव्हां पाहिलें, असें विचारल्यास सारीं एकमेकांकडे पाहूं लागतील!

मुक्या रोग्याची परीक्षा अवघड असते, हें पशुवैद्य चांगलें जाणतात. सांधेदुखीनें लंगडणाऱ्या कुत्र्यांवरील एक अभ्यास २०१२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. ज्या कुत्र्यांना औषधाऐवजीं नुसती निरुपद्रवी गोळी दिली होती, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या मालकांनीं ‘चाल सुधारली’ असें सांगितलें. पायाचा भार मोजणाऱ्या यंत्रांत मात्र तशी सुधारणा दिसली नाहीं. तपासणारे पशुवैद्यही या भ्रमांतून सुटले नव्हते. प्रेमानें पाहणारा डोळा आशेला भुलतो. म्हणून प्रत्यक्ष तपासणी हवी.

आजोबा-आजींना वाचा आहे; पण कवळीविषयीं तीं बोलत नाहींत. सुनांसमोर, नातजांवयासमोर बोळकें तोंड दिसूं नये, म्हणून कित्येक वृद्ध माणसें कवळी घालूनच झोंपतात. आमच्या घरच्या आजींनीं कित्येक वर्षें हेंच केलें, आणि आम्हांस तें त्यांच्या हिरड्या सुजल्यावर कळलें.

ही लाज महाग पडते. जपानांत सरासरी ८७ वर्षांपुढील वयाच्या ५२४ वृद्धांची तीन वर्षें पाहणी केली गेली. तिचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ४५३ जण कवळी वापरीत, व १८६ जण ती रात्रींही घालीत. या काळांत न्यूमोनियाच्या ४८ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत २० मृत्यू होते. रात्रीं कवळी न काढणाऱ्यांना हा धोका दुपटीहून अधिक आढळला. त्यांच्या जिभेवर व कवळीवर मळाचा थर, आणि हिरड्यांना सूज, हींही अधिक होतीं. झोंपेंत लाळेबरोबर तोंडांतील जंतु श्वासनलिकेंत उतरतात, हें त्याचें संभाव्य कारण होय. केवळ पाहणीनें कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं, हें खरें. परंतु कवळी काढून ठेवण्यास खर्च नाहीं आणि अपायही नाहीं.

निगा सोपी आहे. प्रत्येक जेवणानंतर कवळी विसळावी. दिवसांतून एकदां मऊ ब्रशानें व सौम्य साबणानें घासावी. राखुंडी किंवा खरखरीत दंतमंजन वापरल्यास तिच्यावर चरे पडतात व त्यांत जंतु राहतात. घासतांना खालीं पाण्यानें भरलेलें घमेलें ठेवावें, म्हणजे हातांतून निसटली तरी फुटणार नाहीं. उकळतें पाणी वर्ज्य. त्यानें कवळीचा आकार बिघडतो. रात्रीं ती थंड पाण्यांत बुडवून ठेवावी, आणि हिरड्या व जीभ ओल्या मऊ फडक्यानें पुसावी. कवळी सैल झाली, टोंचूं लागली किंवा तोंडांत व्रण झाला, तर ती घरीं कानशीनें न घासतां दंतवैद्यांस दाखवावी.

याहून महत्त्वाचें काम घरच्या मंडळींचें आहे. आजोबांच्या उशाशीं झांकणाचें एक भांडें ठेवा, रोज त्यांतील पाणी बदला, आणि मुलांना सांगा कीं यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं. बैलाचा जबडा आपण त्याची किंमत ठरविण्यासाठीं पाहतों. ज्यांची किंमत करतां येत नाहीं, त्यांच्या तोंडाकडे तितक्याच बारकाईनें पाहण्यास आपण कां संकोचावें?