दोरी तेवढीच, जमीन कमी

समभुज त्रिकोणाची परिमिती बाजूच्या तिप्पट, चौरसाची चौपट, सुसम षटकोनाची सहापट, ही सूत्रे आपली मुले न अडखळता म्हणतात. परंतु परिमिती १३२ फूट असेल तर बाजू किती, असा उलटा प्रश्न आला की पुष्कळांची लेखणी थांबते. वास्तविक सर्व बाजू समान असल्याने येथे साधा भागाकार पुरतो. आमच्या मते भूमितीचे खरे शिक्षण या उलट्या प्रश्नापासूनच सुरू होते.

१३२ ही संख्या आम्ही हेतुतः घेतली आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात ३३ फूट बाजूचा चौरस. त्याची परिमिती १३२ फूट भरते. आता तेवढ्याच लांबीच्या दोरीचे तीन समान भाग केले तर ४४ फूट बाजूचा त्रिकोण होतो. सहा केले तर २२ फूट बाजूचा षटकोन. दोरी तीच, पण त्रिकोणात सुमारे ८३८ चौरस फूट जागा मावते, तर षटकोनात सुमारे १२५७. त्याच दोरीने ५५ फूट लांब व ११ फूट रुंद पट्टा आखला, तर आत उरतात अवघे ६०५ चौरस फूट. कुंपणाची तार गुंठ्याइतकीच लागते. जमीन मात्र जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक.

ही फसगत जुनीच आहे. अधिक परिमितीची पण कमी क्षेत्रफळाची जमीन इतरांना देऊन काही लोक वर प्रामाणिकपणाची कीर्तीही मिळवीत, असे पाचव्या शतकातील ग्रीक भाष्यकार प्रोक्लस याने नोंदवले आहे. ज्याला मोजता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या मोजणीवर विसंबावे लागते. घरातला सातबारा प्रथमच वाचणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही केवळ गुणांची बाब नव्हे.

म्हणून सूत्र फळ्यावर येण्यापूर्वी दोरी मैदानावर यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. मुलांनी खुंट्या ठोकाव्यात, बाजू मोजाव्यात, आतली जागा ताडून पाहावी. माजी विद्यार्थ्यांनी शाळेस एक लांब मोजपट्टी भेट द्यावी. पालकांनी सुट्टीत मुलांकडून आपले अंगण मोजून घ्यावे. मोजणीच्या वेळी बांधावर उभे राहून हिशेब विचारण्याचे धैर्य मुलांच्या अंगी आले, तर सूत्र पाठ केल्याचे सार्थक झाले, असे आम्ही मानू.